देवाजीच्या घराखालचं शिसं

देवाजी दिघोरे शेवटची सहा-सात वर्षं कोणालाही घरात घ्यायचा नाही. पोस्टमनला नाही, मच्छिमार सोसायटीच्या माणसांना नाही, मला नाही आणि स्वतःच्या पोटच्या पोरीलाही नाही. अंगणाला बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं, त्याच्या अलीकडेच उभा राहून बोलायचा आणि तिथूनच वाटेला लावायचा. त्यावरून लोकांनी काय काय उठवलं ते सांगत बसले तर माझं डोकं फिरेल. कोणी म्हणे करणी करतो, कोणी म्हणे घरात धन पुरलंय. पुरलं होतं खरं, पण धन नव्हतं.

मी कुसुम. भंडारा रोडच्या कडेला आमची वस्ती, आणि तिथल्या सातवीपर्यंतच्या शाळेत मी एकोणीस वर्षं शिकवलं. आमचं घर छप्पन सालच्या दीक्षेतलं. शिकलं पाहिजे, ही गोष्ट आमच्याकडे चहापाण्यासारखी रोजची होती, आणि ती दुसऱ्यांच्या पोरांच्या गळी उतरवताना माझी जीभ तिखट व्हायची आणि हात त्याहून आधी चालायचा. तेव्हा मला त्याचा अभिमान होता. आता नाही.

शाळेच्या मागे डोबीचा तलाव. त्याच्या काठी ढिवरांची तीस-बत्तीस घरं. मासोळी आणि शिंगाडे, एवढ्यावर सगळ्यांचं चालायचं. देवाजी त्यातलाच, पण जाळं टाकायच्या आधी तो पाण्याकडे बघायचाच नाही, पाखरांकडे बघायचा. पाणकावळा कुठं बुडी मारतो, बगळा कोणत्या कोपऱ्यात नुसता उभा आहे, शिंगाड्याच्या पानांवरून चालणारे लांब शेपटीचे कमळपक्षी कुठून उठले, हे सगळं एक बिडी संपेपर्यंत बघायचा आणि मग नेमकं तिथंच जाळं टाकायचा. बाकीचे त्याच्या मागे जायचे. "पाखरू खोटं बोलत नाई, बाई," असं तो मला म्हणायचा. माणसांबद्दल त्याचं मत तितकं चांगलं नव्हतं.

सगळ्यांत जीव होता त्याचा अडईवर. अडई म्हणजे तपकिरी रंगाचं लहान बदक, उडताना शीळ घालतं. डोबीवर ती बारा महिने असायची आणि पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालायची. त्या अंड्यांना कोणी हात लावला की देवाजी शिव्यांचा पाऊस पाडायचा. त्याची बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. मागे राहिली एक पोरगी, नीला. तिला खांद्यावर बसवून तो पाळीवर फिरायचा आणि अडईची पिल्लं मोजायला शिकवायचा. शाळेत आली तेव्हा तिला शंभरपर्यंत आकडे येत होते. मी विचारलं कोणी शिकवले, तर म्हणाली, "बदकांनी."

सहासष्ट साली तलावाच्या वरच्या अंगाला एका शेठनं भट्टी टाकली. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवून विटा पाडायच्या. उरलेली राखाडी, जड मळी बाहेर ढीग लावून टाकायची. धूर यायचा, डोळे चुरचुरायचे, पण त्या काळात धुराला कोणी नाक मुरडायचं नाही. धूर म्हणजे काम.

आता डोबीची पाळ मातीची. खेकडे तिला बिळं पाडायचे आणि तलाव गळायचा. होळीपर्यंत पाणी गुडघ्याला यायचं, मासोळी मरायची. दरवर्षी मातीनं बिळं बुजवायची आणि दरवर्षी खेकड्यांनी ती उकरायची. देवाजीला सुचलं की भट्टीची मळी भरावी. ती जड, ठोकली की दगडासारखी बसते, आणि खेकडा तिच्यात शिरत नाही. शेठ म्हणाला, न्या, माझी जागा मोकळी होते. त्या उन्हाळ्यात सगळ्या ढिवरपुऱ्यानं टोपल्या वाहिल्या. पाळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत मळीचा थर बसला. पुढच्या साली अक्षय तृतीयेलाही तलावात छातीभर पाणी होतं. मच्छिमार सोसायटीचे अध्यक्ष रामाजी, त्यांनी देवाजीला नारळ दिला, हार घातला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. खेकडा का शिरत नाही, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही.

भट्टीवरून शिशाचे तुकडेही फुकट मिळायला लागले. फेकजाळ्याच्या काठाला वजनासाठी शिशाचे मणी लागतात. शिसं ठोकून पट्टी करायची, बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे, दोरीभोवती वळवायचे आणि दातांनी दाबून पक्के करायचे. हातोडीनं दोरी तुटते, म्हणून दातच. पिढ्यान्‌पिढ्या तसंच. लहान दात त्या कामाला चांगले, म्हणून ते काम घरातल्या पोरींचं. नीला बापाचीच नाही, आठ-दहा घरांची जाळी चावून द्यायची. पाळीवर बसून, अभ्यासाचं पुस्तक मांडीवर, तोंडात शिसं. मी एकदा म्हटलं, "काय गं, घाण वाटत नाही?" तर हसून म्हणाली, "गोड लागते, बाई."

एकोणसत्तरच्या हिवाळ्यात अडई मरायला लागल्या. आधी एखाद-दुसरी. मग सकाळी पाळीवर चार-चार. मरायच्या आधी त्यांना उडता यायचं नाही. दोन्ही पंख अंगापासून सुटून खाली लोंबायचे, कौलारू छपराच्या दोन पाख्या उतरतात तसे. मान वाकडी, विष्ठा हिरवीगार, छातीचं हाड वर आलेलं. कमळपक्षी मेले, पाणकोंबड्या मेल्या. देवाजी सैरभैर झाला. शिंगाड्यावर किडीसाठी पांढरी भुकटी मारायचे, ती मारू नका म्हणून तो रामाजींच्या पाया पडला. त्यांनी भुकटी बंद केली. पाखरं मरतच राहिली. तो लोंबलेली पाखरं घरी आणून उबेला ठेवायचा, चोचीत पाणी घालायचा. एकही जगलं नाही. "काहून मरून राहिली, बाई? तुमच्या पुस्तकात काई नाई लिवलं?" मी सांगितलं, नाही. माझ्या पुस्तकांत पाखरं फक्त कवितेत होती.

नीला तेव्हा सातवीत आली होती. अशी पोरगी माझ्या हाताखाली दुसरी आली नाही. ढिवरपुऱ्यातली एकही पोर तोवर चौथीच्या पुढे गेली नव्हती, आणि ही सातवीच्या परीक्षेत केंद्रात पहिली येणार हे मी धरूनच चालले होते. पुढे शिकवायचं, मास्तरीण करायचं, हे मी आणि देवाजीनं मिळून ठरवलं होतं. त्याला सही येत नव्हती, पण तिच्या वह्या तो कंदिलाच्या काचेसारख्या जपायचा. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं.

ते अक्षर दिवाळीनंतर बिघडायला लागलं. ओळी उतरायच्या, काने वाकडे, वेलांट्या अर्ध्याच. पोट दुखतं म्हणायची, गणितात चुकायची, मध्येच कुठंतरी बघत बसायची. मला वाटलं, शेफारली. एक दिवस शुद्धलेखनाचं पान बघून माझं डोकं तडकलं. "हात पुढे कर," म्हटलं. तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलून पुढे धरला. मी ते बघितलं. डोळ्यांनी बघितलं आणि तरी त्या हातावर चार छड्या मारल्या. ती रडली नाही. हात तसाच खाली गेला. दुसऱ्या दिवशी अक्षर आणखी वाईट होतं, म्हणून आणखी चार.

त्याच आठवड्यात देवाजीच्या हाती एक अडई लागली. लोंबलेली, पण अजून जिवंत, आणि घरात कालवणाला काही नव्हतं. त्यानं तिला मारलं. त्याच्या सांगण्याप्रमाणे आयुष्यात पहिल्यांदाच. पाखराच्या पोटात खडे दळणारी जाड पिशवी असते, तिला पथरी म्हणतात. ढिवरांत ती पथरी घरातल्या लेकराला भाजून द्यायची रीत. त्यानं ती चिरली. पाखरं दाणे दळायला वाळूचे खडे गिळतात, ते त्यात असतातच. पण हे खडे काळपट होते आणि घासून चकाकत होते. त्यानं एक उचलला आणि दातांखाली धरला. शिशाची ओळख ढिवराला दातानंच पटते, आणि दुसरं म्हणजे पाळीवरची मळी त्यानं स्वतःच्या हातांनी भरली होती.

नीला समोर बसली होती, पथरीची वाट बघत. ताटलीकडे पुढे केलेल्या तिच्या हाताकडे त्याचं लक्ष गेलं. मनगटातून तो खाली लोंबत होता. हे सगळं त्यानं मला सकाळी शाळेच्या दारात सांगितलं. पोरीला पाठीवर घेऊन आला होता, एवढी बारा वर्षांची पोर. "पाखराचा पंख अन् माह्या पोट्टीचा हात एकच हाये, बाई. मले दवाखान्यात घेऊन चाला."

मोठ्या दवाखान्यात एका डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला. हिरड्यांच्या कडेनं निळसर काळी रेघ होती. त्यांनी विचारलं, "घरात बॅटऱ्यांचं काही काम?" देवाजीनं मूठ उघडून पथरीतले खडे टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी ते एकेक करून उलटवून पाहिले. मग समजावून सांगितलं की शिसं अंगात मुरतं, हाडांत बसतं, नसा मारतं. पोरीला तिथून हलवा, वर्ष-दोन वर्षांत हात परत येईल, कदाचित. तिथंच ठेवलीत तर हात जाईल आणि मग डोकं. माझ्याकडे वळून म्हणाले, "तळहातावर हे वळ कसले?" मी सांगितलं. खरं तेच सांगितलं.

नीलाला मी वर्ध्याला माझी मोठी बहीण सिंधूताई, तिच्याकडे ठेवलं. गाडीत बसताना तिनं बापाला विचारलं, "घरी कवा आनशीन, बा?"

"पाळ साफ झाली का आनतो."

तो एक शब्द त्यानं दिला, आणि पुढचं त्याचं सगळं आयुष्य त्या शब्दापायी गेलं.

सोसायटीची बैठक भरली. देवाजी उभा राहिला आणि म्हणाला, मळी काढा, तीच पाखरं मारून राहिली, तीच लेकरं मारन. मीच आणली होती, मीच पापी. लोकांनी ऐकून घेतलं. रामाजी वाईट माणूस नव्हते, पण म्हणाले, "देवाजी, पाळ उकरली तर तलाव रिकामा होते गा. तीस घरं खातीन काय? एका पोट्टीच्या हातासाठी?" कोणी म्हणालं, पोरीच्या अंगावरून वारं गेलंय. कोणी म्हणालं, शिकवायला गेले म्हणून असं झालं. त्यावर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. करायला गेला गणपती अन् झाला मारुती, एवढंच देवाजीच्या वाट्याला आलं. शेवटी ठरलं की एकट्यानं काढायची तर काढ, पण जेवढी काढशील तेवढा मुरूम त्याच दिवशी भरायचा. पाणी गळता कामा नये. शिसं चावायचं तेवढं घरोघरी थांबलं, कारण देवाजी दारोदार फिरून पोरींच्या हिरड्या बघायचा आणि आयांना दाखवायचा.

सकाळी मासोळी, दुपारी पाळ. रोज दहा टोपल्या मळी बाहेर, दहा टोपल्या मुरूम आत. मी तीन कचेऱ्यांना अर्ज लिहिले. एकीचं उत्तर आलं की सदर पाळ आपल्या खात्याकडे येत नाही. बाकी दोघींनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. शेठची भट्टी तोवर बंद होऊन रायपूरकडे गेली होती, पाळीतली मळी मात्र इथंच सोडून.

राहिला प्रश्न की काढलेली मळी टाकायची कुठं. रानात टाकली तर रानात पाखरं आहेत. नाल्यात टाकली तर पुढच्या गावची विहीर आहे. एक कबाडी आला, सगळं उचलून नेतो म्हणाला, त्यात अजून शिसं आहे, तिकडे वितळवून घेऊ. देवाजीनं विचारलं तिकडे म्हणजे कुठं. कबाड्यानं शहरातल्या एका मोहल्ल्याचं नाव घेतलं. "तिथं बी कोनाची पोट्टी असनच," एवढं बोलून देवाजीनं त्याला वाटेला लावलं.

मग काही महिन्यांनी मी नीलाचं पत्र वाचून दाखवायला त्याच्या घरी गेले, तर तो कुंपणाशीच आडवा झाला. "अंदर नाई यायचं, बाई." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं याच्या चुलीजवळ बसून चहा प्यायले आणि आता याला माझी जात आठवली, असं मी तोंडावर बोलले. त्यानं मान खाली घातली. मग हळूच सांगितलं. घरातली जमीन पुरुषभर खोल खणली होती. पाळीची मळी तो तिथं पुरत होता. वर मातीचा थर, त्यावर शेणाचा सडा, त्यावर स्वतःची गोधडी. "हेच एक जागा हाये का जिथं कोनी येत नाई अन् पाखरू उतरत नाई. मी तं शिसं खाऊन बसलोच आहो." मी भांडले, रडले, अक्कल काढली. त्यानं ऐकलं नाही. खरं सांगते, दुसरी जागा मलाही सुचली नाही.

सात वर्षं. पहिलं पत्र नीलानं डाव्या हातानं लिहिलं होतं. मग दीड वर्षानं उजव्या हाताचं आलं, अक्षरं बुटकी आणि थरथरती. देवाजीला वाचता येत नव्हतं, पण तो पत्र हातात घेऊन नुसतं बघायचा आणि म्हणायचा, "ह्या वेळी सरळ हाये." प्रत्येक वेळी थोडं जास्त सरळ असायचं. ती सातवी पास झाली, मॅट्रिक झाली, मास्तरकीचं शिक्षण घेतलं. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न, पाळ किती राहिली.

आणि इकडे तिच्या बापाचे हात जात होते. आधी जाळं नीट पसरेना. मग टोपली डोक्यावर चढवायला दुसरा माणूस लागायला लागला. मग दोन्ही हात मनगटातून लोंबले, अगदी त्या अडईसारखे. दवाखान्यात चला म्हटलं की म्हणायचा, अर्धा फर्लांग राहिला. शेवटच्या वर्षी तो टोपलीच्या दोरीत कोपरं अडकवून मळी ओढत न्यायचा. भाकर दोन मनगटांमध्ये धरून खायचा. लोक पोरांना दाखवायचे, बघ, पाळखोद्या. रामाजी मात्र त्या वर्षी रोज संध्याकाळी काही न बोलता त्याच्या दहा टोपल्या मुरूम भरून द्यायचे.

सत्त्याहत्तरच्या माघात पाळ संपली. त्यानं मला कार्ड लिहायला लावलं, "पाळ साफ झाली. ये." नीला आली. एकोणीस-वीस वर्षांची, खांद्याला पिशवी, वर्ध्याच्या एका शाळेत नुकतीच लागलेली. ती सरळ घराकडे निघाली तर देवाजी कुंपणाशी उभा. तिला पुढे जाऊ देईना.

"बा, मी घरी आली."

"घरात नको, बेटा. पाळीवर चाल. पाळ साफ हाये."

तेव्हा त्यानं तिला घराखालचं सगळं सांगितलं. आधी मी पत्रांत काही लिहिलं नव्हतं, कारण त्यानं मला शपथ घातली होती. दोघं पाळीवर जाऊन बसली, मी जरा मागे. तिनं डबा उघडला आणि उजव्या हातानं घास करून त्याच्या तोंडात घातला. तो घास चघळत तिच्या हाताकडेच बघत होता. पाण्यात अकरा अडई होत्या, मी मोजल्या. एकीचाही पंख खाली नव्हता. पोरगी त्याला वर्ध्याला चल म्हणाली, पाया पडली. तो म्हणाला, चार-आठ दिवसांत येतो. खोटं बोलत होता, हे तिघांनाही माहीत होतं.

त्यानंतर तो सव्वा महिना जगला. होळीच्या आदल्या दिवशी सकाळी पाळीवर पडलेला सापडला. पाय घसटल्याची खूण त्याच्या दारापासून पाळीपर्यंत होती. कोपरं सोललेली होती. म्हणजे उभं राहवत नव्हतं तरी सरपटत तेवढं अंतर आला होता. रामाजींना कळेना की मरतेवेळी हा बाहेर काहून आला. मला लगेच कळलं. आत मेला असता तर त्याला उचलायला चार माणसांना त्या घरात जावं लागलं असतं.

नीलानं तेराव्याची वाट बघितली नाही. तिसऱ्या दिवशी गवंडी बोलावून घराचं दार आणि खिडकी विटांनी बंद करून घेतली. मग चुन्यात काडी बुडवून, उजव्या हातानं, त्या विटांवर लिहिलं, "आत कोणी जाऊ नये. खाली शिसं पुरलेलं आहे. हे देवाजी दिघोरे यांनी पुरलं, ते दुसऱ्या कोणाला लागू नये म्हणून." खाली स्वतःचं पूर्ण नाव.

लिहून झाल्यावर ती माझ्याकडे वळली. "बगा, बाई. चुकलं असन काई तं सांगा."

सगळ्या ओळी सरळ होत्या, काने उभे होते, वेलांट्या पूर्ण. मी फक्त तिचा तो हात दोन्ही हातांत धरला, आणि तिनं तो काढून घेतला नाही.